आडवा धागा

“किडे कुठं आहेत?”

जीपमधून एक पाय खाली टाकता टाकता रेगे मॅडमनी हा पहिला प्रश्न विचारला. दारात हात जोडून उभे असलेले माझे बाबा गोंधळले. त्यांना वाटलं, बाई ढेकणांबद्दल विचारतेय. ते घाईघाईनं म्हणाले, “नाही जी, घर साफ आहे. कालच सारवलं.”

मी तोंड फिरवून हसले. नागपूरच्या कॉलेजात वस्त्रशास्त्र विभागाच्या प्रमुख असलेल्या ह्या बाई बावीस वर्षं रेशीम शिकवत होत्या, आणि विणकराच्या ओसरीवर रेशमाचे किडे शोधत होत्या.

“मॅडम, अळ्या इथं नसतात,” मी म्हणाले. “टसरची अळी घरात टिकत नाही. ती जंगलात ऐनाच्या झाडावर वाढते. ढिवर लोक महिना-दीड महिना पाखरांपासून तिची राखण करतात आणि कोष बाजारात आणतात. आम्ही कोष्टी. आमच्याकडे कोष येतो आणि साडी होऊन जातो.”

“हो, हो, ते माहितीये गं,” मॅडम म्हणाल्या. “एखादी असेल दाखवायला, म्हणून विचारलं.” आणि त्यांनी गळ्यातला कॅमेरा सरसावला.

जीपच्या दुसऱ्या दारातून गुलाबराव डेकाटे उतरले. वय सत्तरीच्या घरात, जाड भिंगाचा चष्मा, मळकट रंगाचा सफारी. नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान होतं. शिक्षण सातवी. नागपूरपासून आमच्या गावापर्यंत अडीच तास हा माणूस जीपमध्ये माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता. नागपुरातली एक हौशी संस्था दरवर्षी एका विणकराचा गौरव करायची. रेगे मॅडम आणि डेकाटे हे त्या वर्षीचे परीक्षक. मॅडम विद्वत्तेसाठी आणि डेकाटे देणगीसाठी घेतलेले असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि माणसं अशी झटपट ठरवून टाकायची मला सवय होती.

गौरवासाठी बाबांचं नाव मीच पाठवलं होतं. दौलतराव हेडाऊ, करवतकाठी साडीचे विणकर, भंडारा जिल्हा. आमच्या गल्लीत एके काळी साठ माग होते, आता चार उरले होते आणि त्यातला टसरचा एकटा बाबांचा. मी मॅडमच्या विभागात तात्पुरती शिकवत होते. जूनमध्ये एक कायम जागा निघणार होती. मॅडमना कोसा, म्हणजे आमचं टसर, बघायचा होता, बाबांना मान मिळायला हवा होता, आणि माझं काय व्हायला हवं होतं ते मी कुणालाच सांगत नव्हते.

मॅडमनी आधी बाबांना मागावर बसवलं. आमचा माग खड्ड्यातला. बाबा पाय खाली सोडून बसले, आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला.

“सदरा काढता का?” मॅडम म्हणाल्या. “फोटोत जास्त अस्सल वाटेल.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. जानेवारीची सकाळ होती, गारठा होता. मी मान हलवली. बाबांनी सदरा काढला. मॅडमनी सात-आठ फोटो घेतले आणि म्हणाल्या, “रेशीम म्हणजे राजवस्त्र! उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. दौलतराव, तुम्ही किती भाग्यवान, आयुष्यभर रेशमात राहिलात.”

“होय जी,” उघड्या अंगानं बाबा म्हणाले.

डेकाटे एका कोपऱ्यात स्टुलावर बसून पाणी पीत होते. ते मागाकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, जिथून माझी माय पाण्याचे पेले देऊन भिंतीच्या आधारानं परत आत गेली होती. म्हातारा चहाची वाट बघतोय, असं मला वाटलं.

“आता मांडीवरचं सूत!” मॅडम म्हणाल्या. “मंदाकिनी, तुझा अख्खा प्रबंध ज्यावर आहे ते मला प्रत्यक्ष बघायचंय. आईंना बोलाव.”

मांडीवरचं सूत म्हणजे काय, ते सांगायला हवं. टसरचा कोष टणक असतो, सुपारीसारखा. तो खाराच्या पाण्यात उकळून मऊ करायचा. मग सात-आठ कोषांची टोकं एकत्र धरायची, डाव्या हातानं ओढायची आणि उजव्या तळव्यानं उघड्या मांडीवर घासत पीळ द्यायचा. यंत्र नाही, चरखा नाही. आमच्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या असंच सूत काढत आल्या. माझा प्रबंध ह्याच धाग्याच्या ताकदीवर होता. तो नुकताच विद्यापीठात दिला होता. त्यासाठी आदल्या पावसाळ्यात मायनं मला सुताच्या चाळीस लड्या काढून दिल्या होत्या. साऱ्या एकसारख्या जाडीच्या हव्यात, असं मी बजावलं होतं, म्हणून जाडी चुकलेल्या जवळपास तेवढ्याच लड्या तिनं टाकूनही दिल्या. तीन महिन्यांचं काम दीड महिन्यात.

मी आत गेले. माय चुलीपुढे उभी राहून चहा गाळत होती. बसली नव्हती.

“माय, चल. बाईंना सूत काढून दाखव.”

“आज नको वो.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“गुडघा दुखते. खाली बसता नाही येत मले.”

“मग पाटावर बस. इतक्या लांबून आल्यात त्या.”

“नको म्हटलं ना, मंदा.”

मायनं मला असं तोडून कधी उत्तर दिलं नव्हतं. परक्या पुरुषापुढे मांडी उघडी टाकायची लाज वाटतेय तिला, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला तिचा राग आला. जन्मभर जे काम केलं त्याची कसली लाज? बाहेर येऊन मी मॅडमना सांगितलं, “आईला संकोच वाटतोय. आमच्याकडे अजून फार मागासलेपण आहे.”

“बिचाऱ्या!” मॅडम म्हणाल्या.

बाबा सदऱ्याच्या गुंड्या लावत होते. त्यांचे हात थांबले.

मग साडी आली. ती बाबांनी खास ह्या गौरवासाठी विणली होती. कपाटातून काढून त्यांनी ती खाटेवर पसरली. मधाच्या रंगाचं अंग, दोन्ही बाजूंना गडद लाल काठ आणि काठाच्या आत करवतीच्या दातांची ओळ. एक दात चुकला नव्हता. हे दात काढायला तीन धोटे लागतात. अंगाचा आडवा धागा आणि काठांचे आडवे धागे प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवत जावे लागतात. दिवसाला वीतभर झालं तर झालं.

मॅडमनी साडीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. “अहाहा! हा जो खरखरीत मऊपणा आहे ना, तो फक्त टसरचा. तुतीचं रेशीम म्हणजे आरसा, आणि हे म्हणजे ऊन!”

पुस्तकातली वाक्यं. अध्यापनाच्या टिपणांत ती मीच त्यांना लिहून दिली होती.

डेकाटे उठले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला गंमत वाटली, कापड बघायला येऊन हा चष्मा काढतो! त्यांनी साडीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. मग ते गालाला लावलं. मग मूठभर कापड आवळून सोडलं आणि त्याच्या चुण्यांकडे बघत राहिले.

“सूत घरचंच का, दौलतराव?”

“घरचंच जी.”

“आडवं पण?”

बाबा जरा थांबले. “घरचंच.”

“बरं,” डेकाटे म्हणाले आणि साडी हळूच खाली ठेवली. “विणकाम फार सुरेख आहे. असे दात मी तीस वर्षांत पाहिले नाहीत. आपण विणकामाचे गुण देऊ, बाई. चला, उशीर होतो.”

नियमाप्रमाणे गुण तीन गोष्टींचे होते. सूत, रंग, विणकाम. गुणांच्या तक्त्यात सुताचा रकाना त्यांनी कोराच ठेवला, हे मी वरून वाकून बघितलं.

“आणि सूत?” मी विचारलं.

“ते राहू द्या.”

“राहू द्या म्हणजे? सुतात काही खोट आहे का?”

“मी कुठं म्हटलं?”

“मग गुण द्या ना.”

“पोरी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “मी म्हातारा माणूस, मला काय कळते. राहू दे.”

मला तेच हवं होतं. खरोखर काही कळत नव्हतं म्हणून म्हातारा मागे सरतोय, असं मी धरून चालले. मिलच्या साड्या विकून मोठा झालेला माणूस माझ्या बापाच्या सुतावर शंका घेतो आणि विचारलं की शेपूट घालतो!

“तुम्हाला कळत नसेल, पण मला कळतं,” मी म्हणाले. “मी हेच शिकवते. रेशीम म्हणजे प्रथिनं. आपल्या केसांसारखं. जाळलं की केस जळल्याचा वास येतो, ज्योतीतून काढलं की विझतं, आणि राख बोटानं चुरते. दोन मिनिटांत सिद्ध होईल. बाबा, काडेपेटी द्या.”

“मंदे, राहू दे,” बाबा म्हणाले.

“का राहू दे? त्यांनी तुमच्यावर संशय घेतलाय.”

“घेऊ दे. काही बिघडत नाही.”

“मला बिघडतं.”

“बाई,” डेकाटे आता माझ्याशी न बोलता मॅडमशी बोलले, “हिला थांबवा. साडीला दृष्ट लागते असं करून.”

मॅडमना मात्र मजा वाटत होती. “करू दे ना, प्रात्यक्षिक छान होईल.” त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

काडेपेटी मी चुलीजवळून आणली. माय म्हणाली, “काय करतं?” मी तशीच बाहेर आले. पदराच्या टोकाला दशा, म्हणजे मोकळे सोडलेले उभे धागे, असतात, तिथला शेवटचा आडवा धागा मी सुईनं सोडवून ओढला. हातभर लांब. चिमटीत धरून काडी ओढली आणि वर्गात बोलते तशी मोठ्यानं म्हणाले, “बघा, आता हा हळूहळू जळेल.”

धागा जळला नाही. ज्योत जवळ जाताच तो मागे आकसला, गोळा झाला आणि थेंबासारखा वितळून खाली पडला. सारवलेल्या जमिनीवर तो थेंब क्षणभर पेटत राहिला. वास आला तो प्लास्टिकच्या पिशवीचा.

मी दुसरा धागा ओढला. तसंच झालं. तिसऱ्या वेळी बाबांनी माझं मनगट धरलं.

जमिनीवर दोन काळे मणी पडले होते. एक मी बोटानं चुरून बघितला. चुरला नाही. इतका कठीण होता की नखाला लागला.

“ओह,” रेगे मॅडम म्हणाल्या.

डेकाट्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि दाराबाहेर बघायला लागले.

“बाबा,” मी म्हणाले, “कुणी दिलं हे सूत? फसवलं तुम्हाला कुणी तरी.”

“नाही,” बाबा म्हणाले. “मीच आणलं.”

“हाताला कळलं नाही?”

“कळलं ना. काहून नाही कळणार?”

“मग?”

ते मॅडमकडे बघत होते, आणि मला कळत नव्हतं की ते त्यांच्यापासून काही लपवतायत की माझ्यापासून. मग म्हणाले, “तू जरा आत जाऊन ये.”

माय दाराच्या आतच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी काही विचारायच्या आधी तिनं दार लोटलं, उजव्या बाजूचं लुगडं वर सरकवलं आणि पट्टी सोडली. जुन्या सुती साडीच्या चिंध्यांची पट्टी, आतून पिवळी.

मांडीवर वीतभर जागेत कातडी नव्हती. कडा काळ्या पडल्या होत्या आणि मध्ये ओलं, लाल मांस. वास येत होता.

“केव्हापासून?”

“दिवाळीच्या आधीपासून. आधी नुसतं सोललं होतं, ते सगळ्यांचंच सोलते. मग चिघळलं. डॉक्टरनं रक्त पाहिलं तर साखर निघाली. म्हणे आता हात नका लावू कोशाले.”

“दिवाळीच्या आधी म्हणजे...”

“तुया लड्या चालू होत्या ना तेव्हा.” तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी सांगेल की तेव्हा पाऊस चालू होता. “शेवटच्या आठ-दहाले जरा त्रास झाला. पण जाडी बरोबर आली होती ना सगळ्याइची?”

“मला सांगितलं का नाही?”

“तुयी परीक्षा बिघडली असती.”

“आणि बाबांनी ते सूत...”

“गावात कोणाकडे नव्हतं. गोंदियापर्यंत पाहून आले. तू तर नाव देऊन बसली होती, पत्र आलं होतं. ती बाई म्हणे तुया नोकरीवाली. ते म्हणे, पोरीचा शब्द खाली नाही पडला पाहिजे.” मग ती पट्टी पुन्हा गुंडाळायला लागली. “मी सांगितलं होतं त्याइले, मंदाले समजते. तर म्हणे, मंदा कायले तपासते घरचं सूत?”

मी पट्टी बांधायला हात लावला नाही, एवढं नक्की आठवतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. प्रबंधाची तोंडी परीक्षा मार्चमध्ये होती. दोनशे चाळीस पानं. धागा किती ताणला की तुटतो, ओला झाल्यावर किती कमजोर होतो, सगळ्याचे तक्ते. ही मांडी बाहेरच्या खोलीतल्या बाईंनी बघितली, तर त्या तक्त्यांकडे कुणी कसं बघेल? मी बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

रेगे मॅडम खाटेच्या कडेवर बसून तक्ता भरत होत्या. साडी त्यांनी बाजूला सारली होती, जशी जेवण झाल्यावर पत्रावळ सारतात.

“मंदाकिनी, मला हे संस्थेला लेखी द्यावं लागेल. तपासणी तू केलीस, सही तुझी लागेल.”

मी सही केली.

“मला वाईट वाटतं गं तुझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “इतका चांगला कारागीर! असं का केलं असेल त्यांनी?”

डेकाटे दारातून वळले आणि माझ्याकडे बघू लागले. बाबा मागाच्या खांबाला टेकून उभे होते. खोलीत माझ्या उत्तराची वाट न बघणारं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “माहीत नाही, मॅडम. लोभ. दुसरं काय?”

असं म्हटल्यावर बाबा भडकतील, खरं काय ते बोलून टाकतील, असं मला वाटलं. कदाचित तसं व्हावं, अशी माझी इच्छाही असेल. पण ती इच्छा होती, असं आज म्हणणं सोपं आहे, म्हणून मी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

बाबा एक पाऊल पुढे आले आणि मॅडमपुढे हात जोडले.

“लोभच झाला जी,” ते म्हणाले. “पोरगी बरोबर बोलते. तिले काही माहीत नव्हतं. तिच्यावर राग नका धरू.”

“नाही हो, तिच्यावर कशाला?” मॅडम उठल्या. “उलट आज तिचा मला अभिमान वाटला. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीतही सत्याची बाजू घेणारी मुलगी.”

चहा तसाच राहिला. मी मॅडमच्या मागोमाग जीपपर्यंत गेले. माझी पर्स बाहेर ओसरीवर होती, ती उचलली. दोन दिवस राहायचं म्हणून कपडे आणले होते, ती पिशवी मात्र आत, मायच्या खोलीत होती. ती आणायला मी गेले नाही.

“डेकाटेसाहेब, चला,” मॅडमनी हाक मारली.

डेकाटे ओसरीवर उभे होते. “तुम्ही व्हा पुढे,” ते म्हणाले. “मी बसनं येईन.”

“अहो, बस कुठली इथून आता?”

“येईल एखादी. दौलतरावांच्या घरचं माणूस आजारी आहे. मघाशी चालताना पाहिलं मी. बघतो जरा.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले.

जीप निघाली. वाटेत मॅडम मला सांगत होत्या की रेशमाची पारख हातानं होते ही केवळ अंधश्रद्धा आहे, शेवटी शास्त्रच खरं. मी “हो” म्हणत होते. भंडाऱ्याचा पूल ओलांडेपर्यंत मी निदान दहा वेळा “हो” म्हटलं असेल.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नमुन्यांचं कौतुक केलं, म्हणाले, हातानं इतकं एकसारखं सूत निघतं यावर विश्वास बसत नाही, कुणी काढलं? मी म्हणाले, “स्थानिक महिला कारागीर.” जूनमध्ये मी कायम झाले.

मायची जखम भरायला आठ महिने लागले. गुलाबराव डेकाटे तिला दर पंधरा दिवसांनी नागपूरला बोलावून घेत, आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जात आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देत. त्यांचं दुकान माझ्या कॉलेजपासून पायी वीस मिनिटांवर होतं. आठ महिने माझी माय मी राहते त्या शहरात येऊन जात होती, आणि हे मला कळलं पुढच्या वर्षी, आमच्या गल्लीतल्या एका बाईकडून.

मी तडक गावी गेले. बाबा मागावर होते. टसर त्यांनी सोडलं होतं, सुती पंचे विणत होते. माय ओसरीवर चालत आली, आता आधाराशिवाय.

“नागपूरला येत होतीस आणि मला भेटली नाहीस?” मी विचारलं.

“तुये तास राहतात ना दिवसभर,” माय म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.